ब्राउझर बदलायचाय? आधी बुकमार्कची फाईल हातात घ्या

हर्णैला बंदराजवळ माझ्या आत्याचं घर आहे. मागच्या अंगणातल्या तीन खोल्या ती पर्यटकांना देते आणि जेवणाचं सगळं स्वतः बघते. बुकिंगचे ईमेल, लाईट बिल, बँक, रेल्वेच्या गाड्या हे सगळं एका जुन्या, विंडोज ७ वाल्या लॅपटॉपवर चालतं. त्या लॅपटॉपवर क्रोम उघडलं की वरच्या बाजूला रोज एक पट्टी यायची: पुढचे अपडेट हवे असतील तर विंडोज १० किंवा त्यापुढचं लागेल. आत्या फुलीवर क्लिक करून ती पट्टी बंद करायची आणि कामाला लागायची. असं करत करत वर्ष गेलं.

ती पट्टी खरंच सांगत होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला सुरक्षा-दुरुस्त्या देणं जानेवारी २०२० मध्ये थांबवलं. क्रोमने त्यापुढे तीन वर्षं साथ दिली, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० क्रमांकाची आवृत्ती आली तेव्हा विंडोज ७ मागे पडलं. आत्याचं क्रोम १०९ वरच अडकलं होतं. म्हणजे त्यानंतर सापडलेलं एकही भगदाड बुजलेलं नाही, आणि त्याच खिडकीतून ती बँकेत जात होती. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरने मात्र ११५ क्रमांकाच्या दीर्घकालीन आवृत्तीतून विंडोज ७ वाल्यांना दुरुस्त्या देणं त्यापुढेही काही काळ चालू ठेवलं होतं. नवा लॅपटॉप दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी ओसरल्यावर घ्यायचं ठरलं होतं. तोवर फायरफॉक्सवर जाऊ, असं मी सुचवलं.

आत्याने एकच विचारलं, "अरे, पण माझी वरची बटणं जातील ना?"

वरची बटणं म्हणजे बुकमार्क बार. त्याच्यावर तिच्याच शब्दांत नावं होती: लाईट बिल, गाडी, बँक, हवामान, सातबारा, भरती. यातल्या भरतीची तिला स्वतःला गरजच नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा हिशेब तिला तोंडपाठ आहे. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला भरती, विषय संपला. पण सुवर्णदुर्गाला होडीने जाणाऱ्या पाहुण्यांना तक्ता बघितल्याशिवाय विश्वास वाटत नाही, म्हणून ते बटण.

ही बटणं नेण्याचा मी इतका आग्रह धरतो त्याला कारण आहे. ती गेली की माणूस काय करतो? सर्चमध्ये बँकेचं नाव टाकतो आणि वर जे पहिलं दिसेल त्याच्यावर क्लिक करतो. तिथे वर कधी जाहिरात असते, कधी खऱ्यासारखी दिसणारी खोटी साईट, कधी भलताच "कस्टमर केअर" नंबर. एकदा नीट पारखून जपून ठेवलेला पत्ता त्या फसवणुकीपासून माणसाला रोज वाचवतो. साठीच्या पुढच्या माणसांसाठी तर बुकमार्क ही मला सगळ्यात मोठी सुरक्षा वाटते. आणि ब्राउझर बदलताना नेमकी तीच पहिल्यांदा हरवते.

आता मुळात ब्राउझरमध्ये आपलं काय काय साठलेलं असतं ते बघू, कारण प्रत्येक गोष्ट हलवण्याची तऱ्हा वेगळी आहे. बुकमार्क म्हणजे नुसते पत्ते. पानं तुमच्याकडे नसतात, ती कुठे मिळतील एवढंच लिहिलेलं असतं. पासवर्ड म्हणजे किल्ल्या, आणि त्या ब्राउझर कुलपात ठेवतो. तिसरी गोष्ट म्हणजे कुकीज. एकदा लॉगिन केल्यावर साईट तुमच्या ब्राउझरकडे एक बिल्ला देऊन ठेवते, म्हणून पुढच्या वेळी ती तुम्हाला ओळखते. चौथी, तुम्ही लावून घेतलेल्या सवयी: पहिलं पान कुठलं उघडावं, अक्षर किती मोठं असावं, कुठल्या साईटला काय परवानगी द्यावी. आणि शेवटी एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडलेली छोटी छोटी अवजारं. यातले पत्ते सहज जातात. किल्ल्या जपून न्याव्या लागतात. बिल्ले बहुतेक वेळा जातच नाहीत. सवयी हातानेच पुन्हा लावाव्या लागतात.

पत्त्यांपासून सुरुवात. क्रोम, एज किंवा फायरफॉक्स, कुठल्याही ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ ही तीन बटणं एकत्र दाबली की बुकमार्कची यादी उघडते. एजमध्ये त्याला फेव्हरिट्स म्हणतात, वस्तू तीच. क्रोममध्ये या पानावर उजवीकडे वर तीन टिंबं आहेत, त्यात "एक्सपोर्ट बुकमार्क्स". फायरफॉक्समध्ये वरच्या पट्टीत "इंपोर्ट अँड बॅकअप" नावाचा मेनू आहे, त्यात एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या प्रकारच्या, फाईलमध्ये एक्सपोर्ट करण्याचा पर्याय. ते केलं की एक फाईल तयार होते. ती डेस्कटॉपवर ठेवा, एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि जमल्यास एक स्वतःलाच ईमेल करून ठेवा. हे सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे आणि बाकी काहीही करण्याआधी करायचं आहे.

ही फाईल मी आत्याला उघडून दाखवली, तुम्हीही एकदा उघडून बघाच. डबल क्लिक केलं तर ती साध्या वेबपानासारखी उघडते आणि तुमच्या सगळ्या पत्त्यांची यादी दिसते, क्लिक केलं की चालतेसुद्धा. म्हणजे उद्या कुठलाच ब्राउझर ती आत घ्यायला तयार झाला नाही, तरी यादी तुमच्या हातात आहेच. तीच फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्या ओळीत "नेटस्केप" हे नाव दिसतं. १९९४ मध्ये आलेला नेटस्केप नॅव्हिगेटर हा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला पहिला ब्राउझर. मार्च २००८ मध्ये तो कायमचा बंद झाला. पण बुकमार्क लिहून ठेवायची त्याची पद्धत आजही सगळे ब्राउझर वापरतात. एकाच्या फाईलमधलं दुसऱ्याला वाचता येतं ते त्यामुळेच.

नोटपॅडमध्ये प्रत्येक पत्त्यापुढे एक दहा आकडी संख्याही दिसते. तो बुकमार्क कधी साठवला त्याची ती नोंद: १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते. भरतीच्या पत्त्यापुढे १४३३१४५६०० असं होतं. मी हिशेब करून सांगितलं, १ जून २०१५, दुपारी दीड. आत्या जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेव्हा तुझे काका होते. हे त्यांनीच घालून दिलं होतं, जेवण झाल्यावर." बाकी सगळी बटणं तिने नंतर स्वतः केली होती. हे एकच त्यांच्या हातचं. तेव्हापासून मी कुणाच्याही लॅपटॉपला हात लावला की आधी ती फाईल बाहेर काढतो, मग पुढचं बोलतो.

याचं दुसरं कारण माझ्या स्वतःच्या नुकसानीत आहे. काही वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप चालेनासा झाला म्हणून दुरुस्तीला दिला. "डेटा ठेवू ना?" असं त्यांनी विचारलं, मी हो म्हणालो. परत आला तेव्हा फोटो होते, कागदपत्रं होती, पण ब्राउझर कोरा. दुरुस्ती करणाऱ्याने डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर तेवढे जपले होते. बुकमार्क तिथे नसतातच. ते विंडोजच्या आतल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये, ब्राउझरच्या प्रोफाइलमध्ये असतात. क्रोममध्ये तिथे "बुकमार्क्स" नावाची फाईल असते, फायरफॉक्समध्ये "प्लेसेस" नावाची. "डेटा" म्हटलं की कुणाच्या डोळ्यापुढे ते फोल्डर येत नाही. सहा-सात वर्षं जमवलेले पत्ते एका दुपारी गेले.

आता नव्या ब्राउझरमध्ये आत घेणं. एकाच संगणकावर ब्राउझर बदलत असाल तर नवा ब्राउझर स्वतःच विचारतो: जुन्यातून सगळं आणू का? हो म्हणायला हरकत नाही, फक्त जुना ब्राउझर आधी पूर्ण बंद करा, नाहीतर त्याच्या फाईल अडकून राहतात आणि काम अर्धवट होतं. आत्याच्या बाबतीत हा रस्ता सरळ लागला. फायरफॉक्सने क्रोममधून पत्ते, इतिहास आणि पासवर्ड तिन्ही उचलले. दिवाळीनंतर नवा लॅपटॉप आला तेव्हा मात्र जुना ब्राउझर त्या यंत्रावर नव्हताच, मग पेनड्राइव्हवरची फाईल कामी आली.

फाईल आत घेताना दोन ठिकाणी माणसं घाबरतात. पहिलं, पत्ते आले पण वरच्या पट्टीवर दिसत नाहीत. क्रोममध्ये पट्टीवर आधीच काही असेल तर नवे पत्ते "इंपोर्टेड" नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात. फायरफॉक्स ते बुकमार्कच्या मेनूत ठेवतो. गेले असं समजून लोक पुन्हा तीच फाईल आत घेतात, मग सगळं दोनदा, तिसऱ्यांदा तीनदा. थांबा, कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबा, यादीत शोधा आणि माउसने ओढून पट्टीवर आणा. पट्टीच दिसत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि बी.

दुसरं जास्त धोक्याचं आहे. फायरफॉक्समध्ये "इंपोर्ट" आणि "रिस्टोअर" हे दोन वेगळे पर्याय एकाच मेनूत आहेत. इंपोर्ट केलं की असलेल्यात भर पडते. रिस्टोअर केलं की असलेले सगळे बुकमार्क पुसून त्यांच्या जागी बॅकअपमधले येतात. शब्द ऐकायला सारखे वाटतात, परिणाम अगदी उलटा. आणि फायरफॉक्सचा "बॅकअप" ज्या प्रकारची फाईल बनवतो ती फक्त फायरफॉक्सलाच कळते. दुसऱ्या ब्राउझरकडे जायचं असेल तर एचटीएमएलच हवी.

आता किल्ल्या. पासवर्डचीही फाईल काढता येते, सीएसव्ही नावाची. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये, फायरफॉक्सच्या पासवर्डच्या पानावर, एजमध्येही ती सोय आहे. पण ही फाईल म्हणजे कुलपाबाहेर काढलेला किल्ल्यांचा जुडगा. नोटपॅडमध्ये उघडली तर साईटचं नाव, युजरनेम आणि पासवर्ड, सगळं उघड्या अक्षरांत एका ओळीत दिसतं. ही फाईल व्हॉट्सॲपवर मुंबईच्या भाच्याला पाठवू नका. झेरॉक्सच्या दुकानात लावायच्या पेनड्राइव्हवर ठेवू नका. नव्या ब्राउझरने ती आत घेतली, एक-दोन ठिकाणी लॉगिन करून खात्री झाली, की लगेच ती फाईल डिलीट करा आणि रिसायकल बिनही रिकामी करा. ज्या घरात पाहुण्यांची ये-जा आहे आणि लॅपटॉप पडवीतल्या टेबलावर असतो, तिथे तर हे त्याच दिवशी व्हायला हवं. माझं स्पष्ट मत असं की पासवर्ड दहा-बारा असतील तर फाईल काढूच नका. वहीत बघून एकेक नव्याने टाका, आणि बँकेचा तर ब्राउझरमध्ये मुळीच साठवू नका. हल्ली पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने चालणाऱ्या पासकी आल्या आहेत, त्या या फाईलमध्ये येत नाहीत. त्या त्या साईटवर जाऊन नव्याने कराव्या लागतात.

बिल्ल्यांचं, म्हणजे कुकीजचं, थोडं समजून घ्यायला हवं, कारण खरी धावपळ तिथे होते. बिल्ला चोरला की पासवर्ड नसतानाही चोराला तुमच्या नावाने आत जाता येतं. म्हणून ब्राउझर ते एकमेकांना सहजासहजी देत नाहीत. विंडोजवर क्रोमने २०२४ पासून त्यांच्याभोवतीचं कुलूप आणखी पक्कं केलंय, दुसऱ्या प्रोग्रॅमला ते वाचता येऊ नयेत म्हणून. हे आपल्या भल्याचंच आहे. पण याचा अर्थ असा की नव्या ब्राउझरमध्ये पहिल्या दिवशी तुम्हाला कुणीच ओळखणार नाही. ईमेल, बँक, रेल्वे, सगळीकडे पुन्हा लॉगिन, आणि अनेक ठिकाणी ओटीपी.

कोकणात हे ओटीपीचं प्रकरण हलकं घेऊ नका. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसते, टॉवर बंद, रेंज मिळवायला लोक टेकाडावर जाऊन उभे राहतात. ओटीपी दहा मिनिटांनी येतो, तोवर त्याची मुदत संपलेली असते. दोन-तीनदा चुकला की काही ठिकाणी खातंच काही वेळासाठी अडकतं. म्हणून ब्राउझर बदलायचा दिवस बघून ठरवा. आभाळ मोकळं, रेंज भरलेली, हाताशी मोबाईल. आणि आधी तपासा, ओटीपी जाणार कुठल्या नंबरवर? आत्याच्या एका खात्याला काकांचा जुना नंबर जोडलेला होता आणि ते सिम कधीच बंद झालं होतं. जुन्या ब्राउझरमध्ये ती आधीच ओळखलेली होती म्हणून तिला कधी अडलं नव्हतं. सुदैवाने जुन्यात ती अजून आत होती, तिथूनच आम्ही नंबर बदलून घेतला. ब्राउझर आधीच काढून टाकला असता तर बँकेत खेटे घालावे लागले असते. गणपतीसाठी रेल्वेचं आरक्षण उघडतं त्या सकाळी तर ब्राउझरला हातही लावू नये. साठ दिवस आधी गाड्या उघडतात आणि बघता बघता भरतात, त्या वेळी नव्या ब्राउझरमध्ये पासवर्ड आठवत बसलात तर तिकीट गेलं.

सवयींबद्दल फार लिहीत नाही. पहिलं पान, सर्च इंजिन, डाउनलोड कुठे पडावेत, हे सेटिंग्जमध्ये जाऊन दहा मिनिटांत लागतं. मोठ्या वयाच्या माणसांसाठी अक्षराचा आकार मात्र आधी लावा, नाहीतर नवा ब्राउझर पहिल्या तासातच नावडता होतो. एक गोष्ट हमखास अडवते ती पॉपअपची. पावती किंवा बिल नव्या खिडकीत उघडणाऱ्या साईट अजून पुष्कळ आहेत. जुन्या ब्राउझरमध्ये तुम्ही कधीतरी त्यांना परवानगी दिलेली असते आणि विसरलेला असता. नव्यात ती नसते, म्हणून पैसे भरले जातात पण पावती दिसत नाही. अशा वेळी घाबरून पुन्हा पैसे भरू नका. पत्त्याच्या पट्टीत किंवा तिच्या खालीच, खिडकी अडवल्याची खूण किंवा पिवळसर सूचना दिसते. तिच्यावर क्लिक करून परवानगी द्या आणि पावती त्या साईटवरच्या आधीच्या व्यवहारांच्या यादीतून काढा.

एक्स्टेन्शन क्रोमवरून एज किंवा ब्रेव्हला जात असाल तर तीच पुन्हा टाकता येतात, कारण त्यांचा गाभा एकच आहे. एज जानेवारी २०२० पासून क्रोमच्याच पायावर, क्रोमियमवर उभा आहे. फायरफॉक्सचं दुकान वेगळं, तिथे त्याच नावाचं आहे का ते बघावं लागतं. मराठी टायपिंगसाठी एखादं एक्स्टेन्शन वापरत असाल तर हीच वेळ साधून विंडोजमधला मराठी कीबोर्ड चालू करून घ्या. तो कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतो.

"मग हे सगळं कशाला, अकाउंटने सिंक करून टाकू," असं तरुण मंडळी म्हणतात. सिंक म्हणजे एका अकाउंटवर जोडलेल्या सगळ्या यंत्रांवर ब्राउझर तेच पत्ते आपोआप सारखे ठेवतो. एकाच ब्राउझरचे दोन संगणक असतील तर सिंक उत्तम, आणि मोबाईलवरच्या बुकमार्कना तर बहुधा तोच सोपा मार्ग आहे: मोबाईलवरून सिंक करून संगणकावर आणायचे आणि तिथून एचटीएमएल फाईल काढायची. पण क्रोमचं सिंक फायरफॉक्सला कळत नाही, फायरफॉक्सचं क्रोमला. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. गणपतीत मुंबईहून आलेल्या भाच्याने आत्याच्या क्रोममध्ये स्वतःच्या अकाउंटने सिंक चालू केलं होतं. त्याचे ऑफिसचे दोनशे पत्ते तिच्या भरती-हवामानात मिसळले, आणि तिचं लाईट बिल त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर जाऊन बसलं. दुसऱ्याच्या यंत्रावर मेल बघायची तर पाहुण्यासारखं गेस्ट खिडकीतून बघा, सिंक लावू नका.

हे सगळं झालं तरी जुना ब्राउझर महिनाभर काढू नका. महिनाभर यासाठी की घरातले बहुतेक ऑनलाइन व्यवहार महिन्याच्या चक्राने येतात. आत्याचं तिसऱ्या आठवड्यात लाईट बिलापाशी अडलंच. ग्राहक क्रमांक जुना ब्राउझर आपोआप भरून द्यायचा, तो तिला पाठ नव्हता. जुना उघडला, क्रमांक कागदावर उतरवला, नव्यात टाकला. महिना उलटल्यावर जुन्यातून सगळीकडून लॉगआउट केलं आणि मगच अनइन्स्टॉल. त्या वेळी क्रोम विचारतो, ब्राउझिंगचा डेटाही पुसू का? त्या चौकटीत खूण केली, कारण तो लॅपटॉप पुढे शेजारच्या मुलाला अभ्यासाला द्यायचा होता.

पेनड्राइव्ह आत्याने लाईट बिलांच्या डब्यात ठेवलाय. त्यावर चिकटपट्टी लावून तिने पेनाने लिहिलंय, "वरची बटणं".